पाळी सुटल्यानंतर

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलते तेव्हा कारखान्यांच्या फाटकांतून बाहेर पडणारा तरुणांचा लोंढा पाहण्यासारखा असतो. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात ओळखपत्र, पायात सेफ्टी शूज, आणि फाटक ओलांडताक्षणी हातात मोबाईल. वय बहुधा विशी-पंचविशीच्या आसपासचे. बीड, जालना, परभणी, हिंगोली, बुलढाणा अशा जिल्ह्यांतून, कोणी आयटीआय करून तर कोणी बारावीनंतर शिक्षण सोडून आलेली ही मुले रांजणगाव, जोगेश्वरी, वडगाव कोल्हाटी किंवा बजाजनगरात तिघा-चौघांत एक खोली घेऊन राहतात. पहिली पाळी असेल तर संध्याकाळ, दुसरी असेल तर सगळी सकाळ त्यांच्या हाती असते. या मोकळ्या तासांचे काय होते, हा प्रश्न कारखान्याच्या ताळेबंदात येत नाही, शासनाच्या अहवालात येत नाही, आणि खरे सांगायचे तर समाजसंघटनेचे काम करणाऱ्यांच्या बैठकींतही क्वचितच येतो.

वाळूजचा इतिहास फार जुना नाही. बजाज ऑटोच्या कारखान्याची पायाभरणी १९८४ च्या जानेवारीत झाली आणि १९८५ च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्या एका कारखान्याभोवती सुटे भाग बनवणारे लहान-मोठे उद्योग उभे राहिले आणि गंगापूर तालुक्यातील ज्वारी-बाजरीच्या शिवाराचे रूप एका पिढीत पालटले. त्या पहिल्या पिढीतील अनेकांना कायम नोकरी मिळाली. बजाजनगरात त्यांनी घरे बांधली, मुलांना शिकवले, छोट्या पंढरपूरच्या विठ्ठलमंदिरात आषाढीला सेवा केली. नंतर आलेल्या पिढीच्या वाट्याला मोठ्या प्रमाणावर ठेकेदारी आली. काही महिने काम, मग ब्रेक, मग दुसऱ्या ठेकेदाराकडे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. अशा तरुणाला आपण पुढच्या वर्षी कोठे असू हे सांगता येत नाही. ज्याला पुढचे वर्ष दिसत नाही, तो आजची संध्याकाळ कशी घालवील, याचा अंदाज करणे अवघड नाही.

९ ऑगस्ट २०१८ रोजी राज्यव्यापी बंदच्या दिवशी वाळूजमधील अनेक कारखान्यांची मोडतोड झाली. मराठा आरक्षणाच्या मागणीचा प्रश्न वेगळा आहे आणि त्याची चर्चा वेगळ्या ठिकाणी व्हायला हवी. ती नासधूस कोणी केली, हे ठरवणेही पोलीस आणि न्यायालये यांचे काम. तथापि त्या दिवशीच्या चित्रणात दिसणारे बहुतेक चेहरे तरुण होते, हे नाकारता येणार नाही. कोणत्याही गर्दीला आयती मिळणारी माणसे कोणती, असा विचार केला तर उत्तर एकच निघते. ज्यांचा वेळ कशालाही बांधलेला नाही, ती.

यावर उपाय म्हणून शिस्तीचा उपदेश करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. वस्तुतः वाळूजच्या तरुणाला शिस्त ठाऊक नाही असे कोणी म्हणू नये. तो मिनिटाच्या हिशेबाने पंचिंग करतो. जपानी पद्धतीच्या कारखान्यात प्रत्येक पान्याची जागा फळ्यावर आखलेली असते, आणि पाळी संपताना तो पाना तेथेच लावतो. व्हर्निअरने मोजून मिलिमीटरच्या शतांश भागाचा फरक तो टिपतो आणि माल रिजेक्ट होऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून काम करतो. तोच तरुण खोलीवर आला की अंथरूण दुपारपर्यंत पसरलेले असते, जेवणाला वेळ नसते आणि पगाराचा हिशेब पंधरा तारखेलाच संपलेला असतो. शिस्त फाटकाशी थांबते, कारण ती सुपरवायझरची असते. दुसऱ्याने लावलेल्या शिस्तीचे हे वैगुण्य लष्करी छावणीपासून वसतिगृहापर्यंत सर्वत्र दिसते. पाहणारा दूर झाला की ती सैल पडते. मग ज्या शिस्तीला पाहणाऱ्याची गरज लागत नाही, ती माणसात येते कोठून?

या प्रश्नाचे एक उत्तर फार साधे आहे, आणि साधे असल्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष झाले आहे. ती बऱ्याचदा छंदातून येते.

'छंद' हा शब्द मोठा विलक्षण आहे. संस्कृतात त्याचा एक अर्थ आवड, इच्छा, मनाचा ओढा. त्याच घराण्यातला 'छंदस्' म्हणजे वृत्त. वेदाच्या सहा अंगांपैकी एक. अक्षरांची आणि मात्रांची मोजणी ठरवून देणारे हे शास्त्र, आणि 'स्वच्छंद' म्हणजे मात्र कोणतेच बंधन न मानणारा. मनाला वाटेल तसे वागणे आणि मोजून-मापून वागणे हे दोन्ही अर्थ एकाच धातूच्या आसपास वावरतात. मराठीने तर आणखी गंमत केली. 'नाद' हा शब्द तिने संगीतालाही दिला आणि वाईट सवयीलाही दिला. मुलाला नाद लागला म्हटले की आईच्या पोटात गोळा येतो. 'छंदीफंदी' हे काही कौतुकाचे विशेषण नव्हे. आपल्या मध्यमवर्गीय घरांत छंदाकडे संशयाने पाहण्याची जी वृत्ती आहे, तिची मुळे भाषेतही सापडतात. दहावी होईपर्यंत चित्रकला बंद, बारावी होईपर्यंत तबला बंद, पदवी होईपर्यंत डोंगर बंद, असे करीत मुलगा बावीस वर्षांचा होतो, तेव्हा त्याला आवडते काय हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. मग तो दिवसभर मोबाईल पाहतो म्हणून आईवडील दुःखी होतात.

छंद आणि करमणूक यांत फरक आहे, तो प्रथम नीट समजून घेतला पाहिजे. करमणूक माणसाकडून काही मागत नाही. क्रिकेटचा सामना पाहणाऱ्याला धावावे लागत नाही. छंद मात्र पहिल्या दिवसापासून मागू लागतो. पखवाज शिकायला बसलेल्या मुलाचा हात चुकला तर ठेका त्याला माफ करीत नाही, मग तो कितीही थकून आलेला असो. पक्षी पाहायला जाणाऱ्याला पहाटे उठावेच लागते, कारण पक्षी त्याच्यासाठी दुपारपर्यंत थांबत नाहीत. या मागणीत कोणाचा राग नसतो, अपमान नसतो, पगारकपात नसते. म्हणून माणूस ती मनाविरुद्ध नव्हे, मनापासून पुरी करतो. हळूहळू पहाटे उठणाऱ्याला रात्री लवकर झोपावे लागते. लवकर झोपायचे तर कट्ट्यावरची बैठक आवरती घ्यावी लागते. दुर्बिणीसाठी पैसे साठवायचे तर पगाराचा हिशेब मांडावा लागतो. एक धागा ओढला की सारे वस्त्र सरळ होत जाते. हे व्हावे असे ठरवून कोणी छंद धरीत नाही, आणि बहुधा म्हणूनच ते होते.

छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळ ज्या सरोवराला सलीम अलींचे नाव दिलेले आहे, त्या सलीम अलींचे तारुण्य या दृष्टीने आवर्जून अभ्यासावे असे आहे. १८९६ मध्ये मुंबईत जन्मलेला हा मुलगा लहानपणीच आईवडिलांना मुकला आणि खेतवाडीत मामांच्या घरी वाढला. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीचा गळा पिवळा दिसला, ती कोणती हे कोणाला सांगता येईना, म्हणून मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी त्या संकोची मुलाला ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले, खणांमागून खण उघडून भुसा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. ही कथा अनेकांना ठाऊक असते. तिच्यानंतरची वीस-बावीस वर्षे मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि तरुणांच्या उपयोगाची तीच आहेत.

कारण ती वर्षे यशाची नव्हती. महाविद्यालयातील गणिताने त्यांना जेरीस आणले. शिक्षण अर्धवट टाकून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय पाहायला गेले. व्यवसाय चालला नाही. मुंबईस परतून त्यांनी प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले, पण रीतसर विद्यापीठीय पदवी नसल्यामुळे हवी ती नोकरी मिळेना. पुढे मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. १९२९ साली ते जर्मनीत बर्लिनला प्रा. स्ट्रेसेमान यांच्याकडे पक्षिशास्त्राचे शिक्षण घेण्यासाठी गेले, आणि १९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. वय तेहतीस-चौतीस, लग्न झालेले, हाती काम नाही. आजच्या भाषेत सांगायचे तर ब्रेक मिळालेला.

अशा वेळी माणूस खचतो, चिडतो, नाही तर दैवाला बोल लावीत बसतो. सलीम अली पत्नी तहमीना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. बहिणाबाईंमुळे मराठी घराघरांत पोचलेला तो खोपा. सलीम अलींनी रोज बसून त्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. कोणता नर केव्हा आला, विणकाम किती झाले, मादी केव्हा आली, तिने काय केले. कोणी सांगितले नव्हते, कोणी वेतन देत नव्हते, हजेरी कोणी घेत नव्हते. त्या नोंदींतून जे निघाले ते शास्त्राला नवे होते. घरटे नर विणतो. तो ते अर्धवट ठेवतो, माद्या येऊन त्याची पाहणी करतात, एखादीने पसंत केले की तो ते पुरे करतो, आणि ती अंड्यांवर बसली की स्वतः दुसरे घरटे विणायला घेऊन दुसऱ्या मादीची वाट पाहतो. (मराठी भाषेने विणकामाचे सारे श्रेय 'सुगरण' म्हणून स्त्रीलिंगी नावाला दिले, हा बिचाऱ्या नरावर थोडा अन्यायच झाला.) बेकारीच्या त्या एका काळातील कामाने सलीम अलींचे नाव पक्षिशास्त्रज्ञांत झाले. भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक त्यानंतर १९४१ मध्ये आले.

येथे घाईने असा निष्कर्ष काढू नये की, छंद धरला म्हणजे माणूस सलीम अली होतो. ध्यानात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. नोकरी गेल्यावरही त्यांचा दिवस गेला नाही. सकाळी उठण्याचे कारण शाबूत राहिले. वाळूजमधील ज्या मुलाला ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो, त्याच्याजवळ नेमके हेच कारण नसते. त्याची नोकरी जाते त्याच दिवशी त्याची सकाळही जाते.

मराठी समाजात अशा माणसांची वाण कधीच नव्हती. पुण्यात चष्म्यांचे दुकान चालवणारे आणि 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे दिनकर केळकर १९२० च्या सुमारास जुन्या वस्तू गोळा करू लागले. अडकित्ते, दिवे, दौती, कोरीव दारे, असे जे इतरांना अडगळ वाटे ते त्यांना वैभव वाटे. पत्नी कमलाबाईंनी साथ दिली. अल्पवयात गेलेल्या मुलाचे, राजाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि हजारो वस्तूंचा तो ठेवा त्यांनी शासनाच्या स्वाधीन केला. एका दुकानदाराने फावल्या वेळात जे जमवले, ते पाहायला आज जगभरचे लोक पुण्यात येतात. कोकणच्या सड्यांवरील कातळशिल्पांचा अलीकडच्या काळातील शोधही असाच. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुटीच्या दिवशी गावोगाव पायपीट करून, गुराख्यांना विचारून ती उजेडात आणली. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाली.

आणि हरिभाऊ वाकणकर. संघाच्या स्वयंसेवकांना हे नाव सांगावे लागू नये. १९१९ मध्ये नीमच येथे जन्मलेले विष्णू श्रीधर वाकणकर मूळचे चित्रकार. उज्जैनला मुलांना चित्रकला शिकवणारे. चित्रांच्या ओढीने ते शैलचित्रांकडे वळले, आणि शैलचित्रांच्या ओढीने डोंगरदऱ्यांत. १९५७ च्या सुमारास भोपाळकडच्या प्रवासात आगगाडीच्या खिडकीतून त्यांना काही खडक दिसले. आदिमानवाच्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या युरोपातील खडकांशी त्यांचे साम्य त्यांना जाणवले. त्या डब्यात आणखीही प्रवासी होते आणि खिडकीही सर्वांना होती. हरिभाऊ मात्र गाडीतून उतरले आणि चालत गेले. भीमबेटका जगाला कळली ती अशी. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, भीमबेटका जागतिक वारसास्थळ झाले. त्यांच्या खिडकीबाहेर पाहण्यात वर्षानुवर्षांच्या रेखाटनांची तालीम होती. नजर अशी घडावी लागते, ती सवलतीत मिळत नाही.

उदाहरणांसाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. याच शहराच्या पोलीस दलातील रफिक शेख यांनी २०१६ च्या मे महिन्यात एव्हरेस्ट सर केले. मराठवाड्यातून तेथे पोचलेले ते पहिले. त्याआधी २०१४ च्या हंगामात खुंबूच्या हिमप्रपातात सोळा नेपाळी सहायकांचा बळी गेला आणि मोहिमा गुंडाळाव्या लागल्या. २०१५ मध्ये नेपाळचा भूकंप झाला. दोन वर्षे लागोपाठ पर्वताने दार लावून घेतले आणि तिसऱ्या वर्षी हा शिपाई पुन्हा तेथेच उभा राहिला. शारीरिक शिक्षणाच्या क्षेत्रात काम करणाऱ्या मनीषा वाघमारे यांना २०१७ मध्ये शिखर दोनशे मीटरांहूनही कमी अंतरावर असताना प्रतिकूल हवामानामुळे माघारी फिरावे लागले. २०१८ च्या मे महिन्यात त्या माथ्यावर पोचल्या. अशा मोहिमेला लागणारा पैसा वाळूजच्या खोलीत राहणाऱ्याला स्वप्नातही दिसणार नाही हे खरे. तथापि शिखराच्या इतक्या जवळून जिवंत परत फिरण्याचा निर्णय घेणे आणि मग वर्षभर पुन्हा त्याच पायऱ्या चढत राहणे, याला पैसा लागत नाही. आणि गिर्यारोहणाची मुळाक्षरे ज्या गोगाबाबा टेकडीवर आणि देवगिरीच्या वाटेवर गिरवता येतात, तेथे पोचायला वाळूजहून सिटीबसही पुरते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. बारा-बारा तास ओव्हरटाईम करून गावाकडे पैसे पाठवणाऱ्या मुलाला छंदाच्या गोष्टी सांगणे ही पोटभरल्यांची चैन नव्हे काय? छंद हा न्याय्य वेतनाला पर्याय होऊ शकत नाही, हे निःसंदिग्धपणे म्हटले पाहिजे. उलट फावला वेळ हा कामगाराचा हक्क आहे आणि तो सहजासहजी मिळालेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे चालवलेल्या चळवळीनंतर. रविवार हा खंडोबाचा वार आहे, आणि सहा दिवस पोटासाठी राबणाऱ्याला एक दिवस देवासाठी व समाजासाठी हवा, अशी त्यांची मांडणी सांगितली जाते. म्हणजे मराठी कामगारांच्या पहिल्या पुढाऱ्याने सुटी मागितली ती निव्वळ विश्रांतीसाठी नव्हे. त्या मोकळ्या दिवसात माणसाने काहीतरी व्हावे, हा त्या मागणीचा गाभा होता. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतर तो दिवस मोबाईल कंपन्यांच्या पदरात पडावा, हे लोखंडे यांच्या ध्यानीमनीही आले नसेल.

शिवाय सगळे छंद पैसे मागतात हेही खरे नाही. छोट्या पंढरपूरच्या परिसरात भजनी मंडळांची कमी नाही. वारकरी घरातून आलेल्या ज्या मुलाने गावी आजोबांच्या मांडीवर बसून अभंग ऐकले, त्याला मृदंगावर बसवायला कोणत्या अनुदानाची गरज आहे? गरज आहे ती एका वडीलधाऱ्या माणसाची, जो त्याला म्हणेल, "बस बाबा, हात धर." भजनी मंडळात आणखी एक गोष्ट घडते. खोलीवरचे चारही जण एका वयाचे, एका पगाराचे, एकसारख्या अडचणींतले असतात. मंडळात साठीचा वादक असतो, चाळिशीचा विणेकरी असतो, दहा वर्षांचा टाळकरी असतो. गाव सोडून आलेल्या तरुणाचे गावाबरोबर सुटलेले हे वडीलपण आणि धाकटेपण त्याला तेथे परत मिळते. आपल्याहून निपुण माणसांत सर्वांत कच्चा म्हणून बसण्याची सवय विशीत लागली, तर ती जन्मभर उपयोगी पडते. आज समाजमाध्यमांवर प्रत्येक जण पहिल्या दिवसापासून निपुण असतो.

छंदाला आज दोन रोग जडले आहेत. पहिला प्रदर्शनाचा. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्यातील सुटीच्या दिवशी जी जत्रा भरते, तिला गिर्यारोहण म्हणणे धाडसाचे ठरेल. गड पाहण्यापेक्षा गडावर आपण दिसणे महत्त्वाचे झाले की पायथ्याच्या गावाचे नावही विचारले जात नाही. दुसरा रोग अधिक सभ्य आहे, म्हणून अधिक फसवा. 'छंदातून करिअर' हे वाक्य पालकांच्या मेळाव्यांतून हल्ली वारंवार ऐकू येते. मुलगी दोन वर्षे सतार शिकली की ती स्पर्धेत उतरली पाहिजे, मुलाने चार छायाचित्रे बरी काढली की त्याला लग्नांच्या ऑर्डर मिळाल्या पाहिजेत. पोटाचा उद्योग करण्यात काही कमीपणा नाही. परंतु प्रत्येक आवडीला बाजारभाव लावला की माणसाजवळ असे काहीच उरत नाही, जे तो मोबदल्याशिवाय करतो. आणि मोबदल्याशिवाय काही न करू शकणारा माणूस कार्यकर्ता तरी कसा व्हायचा? केळकर दुकान चालवीतच राहिले, हरिभाऊ मुलांना चित्रकला शिकवीतच राहिले. पुण्यात १९४४ पासून चालू असलेल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत ताऱ्यांच्या वेधासाठी रात्र जागवणारे बहुतेक जण सकाळी आपापल्या नोकरीवर जातात. हौशी हा शब्द आपल्याकडे उणेपणाने वापरला जातो, त्याचा पुनर्विचार व्हायला हवा.

एक सावधगिरी मात्र हवी. छंदाच्या नावाखाली घर विसरणारे लोकही असतात. दर सुटीला डोंगरावर पळणाऱ्या नवऱ्याच्या मागे दोन लहान मुले सांभाळणाऱ्या पत्नीला त्याच्या आत्मविकासाचे कौतुक वाटावे अशी अपेक्षा करता येणार नाही. आणि या संपूर्ण चर्चेत मुली कोठे आहेत, हेही विचारले पाहिजे. वाळूजच्या कारखान्यांत आज तरुणींची संख्या लक्षणीय आहे. पाळी सुटल्यावर मुलगा कट्ट्यावर जाऊ शकतो, मुलगी खोलीवरच जाते, कारण संध्याकाळी सातनंतर तिने निर्धास्तपणे जाऊन बसावे अशी एकही जागा तेथे नाही. तिच्या फावल्या वेळाचा प्रश्न मुलाच्या प्रश्नाहून अवघड आहे आणि त्याला हात घालण्याचे काम महिला कार्यकर्त्यांनाच अधिक चांगले जमेल.

कार्यकर्त्यांचा विषय निघालाच आहे तर तोही स्पष्ट मांडलेला बरा. तरुणांसाठी काही करायचे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर शिबिर येते, व्याख्यान येते, मिरवणूक येते. उपस्थितीचा आकडा मिळतो, वृत्त जाते. या सर्वांचे स्थान आहेच. परंतु पाचशेंच्या मेळाव्यात तरुण पुन्हा गर्दीचाच भाग असतो, फक्त गर्दी चांगली असते. छंद ही मूलतः पाच-सात जणांची गोष्ट आहे. तिचे वृत्त देता येत नाही. तीन महिने एका मुलाला बासरीतून सूर काढायला लावणे याचा आकडा कोणत्या रकान्यात लिहायचा? संघटनेच्या कामात एकेका तरुणाच्या खोलीवर जाऊन बसणारे, त्याच्या आवडीची चौकशी करणारे कार्यकर्ते एके काळी होते. त्यांच्या सायकलींची जागा मोटारींनी घेतली आणि बसणे कमी झाले, अशी तक्रार जुनी मंडळी करतात ती अगदीच निराधार नाही.

आता प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्टा वाढतो आहे. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाशी करार करून या भागात मोठ्या कारखान्याची घोषणा केली. म्हणजे वाळूजमध्ये जे चाळीस वर्षांपूर्वी सुरू झाले ते बिडकीनच्या शिवारात नव्याने सुरू होईल, आणि मराठवाड्यातील खेड्यांतून आणखी हजारो मुले येतील. त्यांच्यासाठी रस्ते, पाणी, वीज यांचे नकाशे तयार आहेत. एक मोठी खोली, चार कपाटे पुस्तके, दोन तबला-डग्ग्यांचे जोड आणि रात्री दहापर्यंत दिवा चालू ठेवणारा एक माणूस यांची तरतूद कोणत्याही नकाशात दाखवलेली नाही. ती शासन करील अशी वाट पाहत बसण्याचे कारणही नाही. बजाजनगरातील ज्या पहिल्या पिढीने घरे बांधली ती आता निवृत्त होत आहे. त्यांच्यात उत्तम टर्नर आहेत, हार्मोनियम वाजवणारे आहेत, बुद्धिबळ खेळणारे आहेत, आयुष्यभर टपालाची तिकिटे जमवलेला एखादा स्टोअरकीपरही आहे. त्यांच्या घरांचे वरचे मजले भाड्याने दिलेले असतात आणि त्या खोल्यांत हीच मुले राहतात. जिन्याच्या दोन टोकांना राहणाऱ्या या दोन पिढ्यांची ओळख महिन्याच्या भाड्यापुरती आहे.

वाळूजहून नगर रस्त्याने सरळ गेले की कायगाव टोक्याला गोदावरी आणि प्रवरेचा संगम लागतो. जायकवाडीच्या जलाशयाचे पाणी तेथपर्यंत फुगलेले असते. १९८६ मध्ये या जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. हिवाळ्यात तेथे चक्रवाक येतात, हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस उतरतात, उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. वाळूजच्या कारखान्यांना आणि घरांना पाणी याच जलाशयातून मिळते. तरीही त्याच्या काठावर पहाटे जाऊन उभे राहिलेले वाळूजचे तरुण हाताच्या बोटांवर मोजता येतील. मोटारसायकलीने तासाभराचे अंतर आहे, आणि त्या परिसरात मोटारसायकलींची वाण असण्याचे काही कारण नाही. एक दुर्बीण चौघांत पुरते. येत्या नोव्हेंबरात बजाजनगरातील कोणा कार्यकर्त्याने आपल्याच इमारतीतील चार मुलांना साप्ताहिक सुटीच्या पहाटे तेथे न्यावे, सोबत एक वही द्यावी आणि दिसलेला प्रत्येक पक्षी तारखेसह तिच्यात लिहायला सांगावा. पुढच्या सुटीला त्यांतील किती जण आपण होऊन दार ठोठावतात, ते पाहावे. एक जरी आला तरी फेब्रुवारीपर्यंत त्याच्याबरोबर जात राहावे.